सिस्टर सलोमी आणि नववीची मुलं

सिस्टर सलोमी जिवंत आहेत. हे आधी लिहून टाकते, कारण आमच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवात स्टेजवर त्यांचा मोठा फोटो ठेवला होता आणि त्याला चंदनाचा हार घातला होता. समोर समई. आलेल्या पालकांपैकी निम्म्यांनी हात जोडले. दोघीतिघी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारून गेल्या, "कधी गेल्या जी सिस्टर?" मी सांगितलं, गेल्या नाहीत, घालवल्या. झारखंडातल्या एका गावात आहेत, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. हार घालणाऱ्यांना जाऊन विचारलं तर म्हणाले, मॅडम, फोटो नुसता बोडका दिसत होता.

स्मरणिकेसाठी माझ्याकडेच लेख मागितला होता. संस्थापिकांच्या त्यागावर दोन पानं. मी दिली. जरा सौम्य करा म्हणून परत आली. सौम्य करायचं म्हणजे काय काढायचं ते मला कळलं, म्हणून पुन्हा दिलीच नाहीत. आता सगळं लिहिते.

आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्यानंतर थोड्याच काळात त्या आमच्याकडे आल्या. आंधळगाव आणि तुमसर यांच्या मधल्या एका गावात मिशनचा एक जुना दवाखाना होता, दोन खोल्या आणि एक पडवी, वर कवेलूचं छप्पर. तिथे पाचवी ते दहावीची शाळा काढायची असं त्यांच्या वरिष्ठांनी ठरवलं आणि काढायला यांना पाठवलं. परवानगीचा अर्ज केला त्याच दिवसांत कचेऱ्यांमध्ये दोन जिल्ह्यांचे गठ्ठे वाटून घेणं चालू होतं. आमची फाइल चुकून पलीकडच्या गठ्ठ्यात गेली. इकडचे म्हणत तिकडे विचारा, तिकडचे म्हणत हे गाव आमचं नाहीच. सिस्टर एसटीने इकडून तिकडे हिंडत राहिल्या. बाकावर बसायच्या, पिशवीतून फुटाणे काढायच्या आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांपुढे धरायच्या. शेवटी फाइल एका शिपायानेच शोधून दिली. म्हणाला, फुटाण्यांचा आग्रह नकोसा वाटू लागला होता.

त्या ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालायला भराभर. राखाडी साडी, रबरी चप्पल, केस घट्ट मागे बांधलेले. घरचे भातशेती करणारे आदिवासी. शिक्षण हिंदीतून. मराठी शिकल्या त्या गावातल्या बायांकडून, विहिरीवर आणि बांधावर, त्यामुळे तोंडात बसली ती इथलीच. "काहून वो, काल कायले नाही आली?" असं एखादी नन म्हणाली की नवा माणूस दचकायचा. शिक्षण खात्यातले एक साहेब एकदा हसू आवरत म्हणाले, सिस्टर, मुख्याध्यापिकेची भाषा जरा प्रमाण हवी. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, प्रमाणवाल्या मॅडम ठेवल्या ना मी, ह्या पाहा," आणि मला पुढे केलं. मी गणित शिकवायची. तुमसरची, नुकतीच बी.एड. झालेली. नोकरी मिळेल तिथे जायचं एवढाच विचार करून आले होते.

पहिल्या वर्षी जूनमध्ये आलेली मुलं जुलैत नाहीशी झाली. कुठे गेली ते शोधायला लागलं नाही. रोवणा लागला होता. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, पाणी भरलेल्या बांधीत लावायला आया जातात आणि मोठ्या मुली त्यांच्याबरोबर. त्यात मजुरी असते, आणि रोवणा कोणासाठी थांबत नाही. मी हजेरी दाखवायला गेले तर सिस्टर म्हणाल्या, चल. साडी खोचून त्या सरळ एका बांधीत उतरल्या आणि पऱ्ह्यांची पेंडी हातात घेऊन लावू लागल्या. मी बांधावर छत्री धरून उभी. बायांनी थोडा वेळ पाहिलं. मग कौसल्याबाई नावाच्या एकीने विचारलं, "सिस्टर, बांधीत कपाशी लावून राहिल्या का तुमी?" त्यांच्या गावच्या सवयीने सिस्टर रोपं लांब लांब लावत होत्या. सगळी रांग हसली. सिस्टरही हसल्या आणि लावलेलं उपटून पुन्हा जवळ जवळ लावलं. कंबर मोडेपर्यंत लावलं. जेवायला बसल्यावर कौसल्याबाईंनीच मुद्द्याची गोष्ट काढली. शाळा सकाळची ठेवा, धा वाजायच्या आत सोडा, मंग पाठवतो पोरी.

तेव्हापासून रोवण्याच्या दिवसांत आमची शाळा उजाडता उजाडता भरायची. सिस्टर फाटकाशी उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याआधी पायांकडे पाहायच्या. चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असायच्या. एका बाजूला बाटलीत जांभळं औषध, कापूस. लावून घे आणि मग वर्गात जा. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांचे पाय ऑगस्टमध्ये जांभळे असायचे. बाहेरची माणसं हसायची. धान कापून झालं की जानेवारीपासून बुडालेले तास भरून काढायचे. त्याचे जादा पैसे शिक्षकांना मिळत नव्हते आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली होती, हेही खरं.

त्या फारशी वाक्यं फेकणाऱ्या नव्हत्या. पण 'कच्चा' हा शब्द त्यांना चालत नसे. स्टाफरूममध्ये कोणी म्हटलं की हा मुलगा कच्चा आहे, की त्या मान न वळवता म्हणायच्या, "मागं आहे. पण रस्त्यावरच आहे ना?" आणि आम्ही चहा प्यायला लागायचो.

मिशनची शाळा म्हटल्यावर धर्म बदलवण्याची कुजबुज व्हायचीच. झाली. तुमसरहून तिघे जण गाडी घेऊन आले आणि गावातल्या बायांना गोळा करून विचारू लागले, पोरांना काय शिकवतात, प्रार्थना कोणती म्हणतात, कोणी काही आमिष दाखवलं का. कौसल्याबाई विड्या वळता वळता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आमी तं छप्पन सालीच बदललो जी. आता अजून कायले बदलाचं? तुमी उशिरा आले." ते तिघे परत गेले. ही गोष्ट कळल्यावर सिस्टर हसल्या नाहीत. कौसल्याबाईंची मुलगी सुकेशनी आमच्याकडे होती. तिला सांगितलं, आईला म्हण, माझ्याकडून नमस्कार.

शाळा वाढली. कवेलूच्या जागी स्लॅब आला, मग दुसरा मजला, मग तिसरा. पाण्याची टाकी, प्रयोगशाळा, पिवळ्या बस. तुमसरच्या लोकांना शोध लागला की इथे इंग्रजी चांगलं शिकवतात आणि मुलं शिस्तीत असतात. राइस मिलवाल्यांची, कापडदुकानवाल्यांची, हातमागाचा धंदा करणाऱ्यांची मुलं येऊ लागली. सिस्टरांनी त्यांनाही घेतलं. एकाच बाकावर, एकाच वर्गात. गावची मुलं वेगळ्या तुकडीत घाला अशी सूचना आली होती. सिस्टर म्हणाल्या, दुसरी तुकडी काढू ना, पण दोन्हीत सारखी वाटू. सूचना करणाऱ्यांनी सूचना मागे घेतली. पण मनात धरून ठेवलं.

आता त्या प्रकाराकडे येते ज्याच्यामुळे हे लिहिते आहे. बाहेरच्या वाचकाला तो माहीत नसेल, म्हणून नीट सांगते. आमच्या भागातल्या कितीतरी शाळांच्या फाटकावर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक असतो. तो कसा येतो? नववीत दिवाळीनंतर मागच्या मुलांच्या पालकांना बोलावतात. खुर्ची देतात, पाणी देतात आणि समजावतात की तुमचा मुलगा दहावीत नापास होणार, त्याचं वर्ष जाईल, त्यापेक्षा दाखला काढून न्या आणि बाहेरून बसवा, सोपं पडेल. कागद तयार असतो. आईबाप शिकलेले नसले की सही लवकर होते. मूल शाळेबाहेर जातं, शाळेचा टक्का वर जातो. बाहेरून बसवा म्हणजे काय, तर शिकवणारं कोणी नाही, बसायला वर्ग नाही, रोवण्याला जायला मात्र पूर्ण मोकळीक. त्यातली किती मुलं खरंच परीक्षेला बसतात हे कोणत्याच फलकावर लिहिलेलं नसतं. हे सगळ्या मास्तरांना माहीत आहे. आपण लोक याला 'निकाल' म्हणतो आणि पेढे वाटतो.

सिस्टर सलोमींनी हे कधी होऊ दिलं नाही. म्हणून आमचा निकाल कधी शंभर टक्के लागला नाही.

सुकेशनी दहावीला गणितात नापास झाली. माझ्याच विषयात. तिच्याबरोबर आणखी काही जण. त्या वर्षी शेजारच्या दोन शाळांचे फलक लागले, आणि आमच्या पालक समितीने बैठक बोलावली. समितीत मिलवाले बालकिसनजी मुख्य. माणूस वाईट नव्हता, शाळेच्या नळाची सोय त्यांनीच केली होती. आमच्यातले इंग्रजीचे देवगडे सर शिक्षकांच्या बाजूने बसले. संस्थेचे मॅनेजर फादर नागपूरहून आले होते. ते वहीत काही लिहीत नव्हते, फक्त पेनचं टोपण उघडत आणि लावत होते.

देवगडे सरांनी सुरुवात केली. आपला टक्का पडून राहिला आहे, चांगली मुलं दुसरीकडे जातील, रोवण्यासाठी शाळा सकाळची करणं आता शोभत नाही, आणि नववीत जरा चाळणी लावायला हवी. सगळे माना हलवत होते.

सिस्टरांनी विचारलं, "टक्का पोराचा असते का शाळेचा?"

बालकिसनजी म्हणाले, "सिस्टरजी, आप समझिए. जो बच्चा चल नहीं सकता उसको क्यों घसीटना? उसका भी भला नहीं."

"तुमची मुलगी मागं राहिली असती तं?"

"तो मैं ट्यूशन लगाता."

"मंग मागच्या पोराइलेही लावू," असं म्हणून सिस्टर देवगडे सरांकडे वळल्या. सरांच्या घरी संध्याकाळी ट्यूशन चालायची आणि आमच्याच शाळेची मुलं तिथे पैसे देऊन बसायची, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "सर, सोमवारपासून चार ते पाच, शाळेतच. मागची सारी मुलं. गणित वंदना मॅडम घेतील."

मला विचारलेलं नव्हतं. पण मी हो म्हणाले. देवगडे सरही हो म्हणाले, कारण त्या खोलीत नाही म्हणणं जमलं नाही. ते दोन आठवडे आले, मग त्यांची पाठ धरली ती कायमची.

सुकेशनीचं नाव शाळेच्या पटावर आता नव्हतं. तरी सिस्टरांनी तिला दहावीच्या मागच्या बाकावर बसवलं. नियमात बसत नाही म्हणून मी दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, बाकावर तं बसते ना. वर्षभर ती आली. रोवण्यात पाय जांभळे करून आली. पुन्हा परीक्षा दिली आणि गणितात काठावर, पस्तीस गुण घेऊन सुटली. कौसल्याबाईंनी शाळेत येऊन मला विचारलं, पस्तीस म्हणजे कमी आहेत का जी? मी म्हटलं, पुरे आहेत. सुकेशनी पुढे काही डॉक्टर-कलेक्टर झाली नाही. अंगणवाडीत मदतनीस आहे आणि स्वतःच्या दोन मुलांना रोज गणित शिकवते. अशा गोष्टी महोत्सवाच्या भाषणात घालता येत नाहीत, म्हणून घालत नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांत तक्रारी वाढत गेल्या. नागपूरला पत्रं गेली. काही पालकांनी मुलं काढण्याची धमकी दिली, काढलं कोणीच नाही. आणि एका डिसेंबरात, नाताळला थोडेच दिवस उरलेले असताना, सिस्टरांची बदली आली. वर्षाच्या मध्ये. नववीच्या पालकांना बोलावण्याचे दिवस बरोबर तेच. योगायोग असतो, असं मला आजवर अनेकांनी सांगितलं आहे. सांगणाऱ्यांपैकी एकालाही नववीतलं मूल नव्हतं.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. त्या चादरी घडी करत होत्या. मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणा, आम्ही सह्या गोळा करतो, गावच्या बाया नागपूरला येतील. मी भांडतच होते, आणि खरं सांगायचं तर मॅनेजर फादरांवर नाही इतकी त्यांच्यावर चिडले होते. एवढ्या लोकांना गप्प करणारी बाई स्वतःच्या वेळी इतकी मऊ कशी होते?

त्या म्हणाल्या, "तुही बदली झाली तं तू कोर्टात जाशील. मले नाही जाता येत. मी शब्द दिला आहे. पण तुले इथून कोणी सहज काढू शकत नाही, हे समजते का तुले?"

मला समजलं. आवडलं नाही.

निरोप समारंभ दणक्यात झाला. शाल, श्रीफळ, मोठा केक. बालकिसनजींनी सिस्टरांना माँ म्हटलं. देवगडे सर बोलता बोलता रडले, रुमाल काढला, सगळ्यांना दिसेल असा काढला. नववीच्या मागच्या मुलांच्या आयांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. धानाच्या चुरणीतून, मळणीतून तशाच आलेल्या, डोक्याला, पदराला पेंढ्याची तणीस लागलेली. सिस्टर स्टेजवरून उतरल्या आणि केकची अर्धी परात उचलून फाटकावर घेऊन गेल्या. मॅनेजर फादर म्हणाले, सिस्टर, फोटो राहिला. त्या म्हणाल्या, काढा की, आमी इथं आहोत. तो फोटो कोणी काढला नाही.

पुढच्या सोमवारी काय झालं ते आधीच सांगते. नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या, पालकांना बोलावलं होतं, खुर्च्या मांडल्या होत्या, कागद तयार होते. मी आदल्या रविवारी संध्याकाळी घरोघर जाऊन आले होते. सोमवारी बोलावणं नसताना बैठकीत जाऊन बसले. मला बाहेर जायला सांगितलं, गेले नाही. लेखी द्या म्हटलं, कोणी दिलं नाही. दोन बापांनी तरी सही केली. बाकीच्यांनी कागद घडी घालून खिशात, पदरात ठेवले आणि म्हणाले, घरी विचारून सांगतो, आणि कधीच सांगितलं नाही. ती मुलं दहावीला बसली. काही सुटली, काही नाही. त्यानंतरच्या वर्षी पालकांना एकेकट्याला, वेगवेगळ्या दिवशी बोलावायला सुरुवात झाली. फलक लागला. दर वर्षी मी काही घरं गाठते, काही माझ्या हातून सुटतात. मी एकटी आहे आणि शाळा तीन मजली आहे.

हे मी कोणावर उपकार म्हणून करत नाही. सिस्टरांच्या आठवणीसाठीही नाही. चुकीचं आहे म्हणून करते, आणि अजून नोकरीची काही वर्षं आहेत.

आता निघण्याचा दिवस. रविवार होता. दुपारी बिलासपूरकडे जाणारी गाडी तुमसर रोडला थांबते तेवढीच दोन मिनिटं. समारंभाला आलेल्यांपैकी स्टेशनवर कोणी नव्हतं. शाळेची बस मिळाली नाही, आम्ही ऑटोने आलो. मी, त्या, एक लोखंडी पेटी आणि शालीचं गाठोडं. शाल त्यांनी ऑटोवाल्याच्या म्हातारीसाठी देऊन टाकली. माझा राग अजून गेला नव्हता. त्यांनी फुटाणे पुढे केले, मी घेतले नाहीत.

गाडी आली. मी पेटी आत ढकलली. त्या पायरीवर चढल्या, वळल्या, दांडा धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता काही आशीर्वादाचं बोलतील. बोलल्या ते असं, "उद्या बोलावलं आहे म्हणे नववीच्या लोकाइले. आज जाशील? एकेकाच्या घरी?"

मी म्हटलं, जाते. कोणाकोणाकडे जाऊ?

गाडी हलली. त्या दारातच उभ्या राहून सांगू लागल्या. "रोशन. त्याचा बाप रागाचा आहे, आईले भेट. अश्विनी. प्रणाली. आकाशच्या घरी आजीच हाय फक्त, तिले हळू समजावजो. दीक्षा..."

मी काही पावलं गाडीबरोबर चालले, मग प्लॅटफॉर्म संपला. इंजिनाच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकू येईना, पण तोंड हलत होतं, एकेका नावाला मोकळा हात पुढे होत होता, आणि गाडी वळणाला लागेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. उरलेली नावं मला ऐकू आली नाहीत. मला ती पाठ होती. ऑटोवाल्याला म्हटलं, तुमसरला नको, गावाकडे घे.